मॉडेल टीच्या जुन्या कॉइली: डांबर फोडण्यापासून ठिणगी जुळवण्यापर्यंत

माझी गाडी 1923 सालची फोर्ड मॉडेल टी, टूरिंग. मी मिशिगनमध्ये राहते, डिअरबॉर्नपासून फार लांब नाही. म्हणजे ही गाडी जिथे जन्मली त्याच मुलखात. माझा मूळ गाव मात्र मिरज. तिथे आमच्या आण्णांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं आणि शाळेतून आले की मी तांब्याच्या तारेचे वेटोळे मोजत बसायची. त्यामुळे गाडी घेतल्यावर जो तो म्हणायला लागला, 'त्या लाकडी कॉइली (प्लगसाठी ठिणगी तयार करणारी वेटोळी) काढून टाका, डिस्ट्रिब्युटर बसवा,' तेव्हा माझं मन काही त्याला तयार होईना. या कॉइली शंभर वर्षांनीही नीट चालतात. त्यांचं दुखणं कुठे आहे ते कळायला हवं.

मॉडेल टीला चार सिलिंडर आणि चार कॉइली, प्रत्येकाला स्वतंत्र. ड्रायव्हरसमोर फायरवॉलवर एक पेटी असते, तिच्यात या चार ठोकळ्यांसारख्या कॉइली उभ्या बसतात. लाकडी खोक्यात प्रायमरी (जाड तारेचं वेटोळं), सेकंडरी (बारीक तारेचं वेटोळं) आणि कंडेन्सर, हे सगळं डांबर ओतून बंद केलेलं. वर दोन पट्ट्या आणि त्यांच्यावर पॉइंट, म्हणजे करंट जोडणारे-तोडणारे संपर्क. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत जो सीबी पॉइंट असायचा, त्याचंच हे भावंड, पण हे कॅमने उघडत नाहीत. करंट आला की लोखंडी गाभा चुंबक होतो, खालची पट्टी ओढतो, पॉइंट उघडतात, करंट तुटतो, पट्टी परत वर. असं सेकंदाला शेकडो वेळा. म्हणून त्या भुंग्यासारख्या गुणगुणतात.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले. टायमर फक्त कुठल्या कॉइलला करंट द्यायचा ते ठरवतो. त्यानंतर ठिणगी किती वेळाने पडणार, हे ती कॉइल स्वतः ठरवते. इंजिन मिनिटाला 1000 फेरे फिरत असेल, तर एका मिलिसेकंदात क्रँक 6 अंश पुढे जातो. एक कॉइल दुसरीपेक्षा मिलिसेकंदाने मागे राहिली, तर तो सिलिंडर 6 अंश उशिरा पेटतो. तेव्हा चार चांगल्या कॉइली पुरत नाहीत, चार सारख्या कॉइली लागतात. लोक कार्ब्युरेटर खोलतात, व्हॉल्व्ह घासतात, आणि गाडी तरी हिसके देत राहते. कारण या पेटीत असतं.

सुरुवात तपासणीने करा. पेट्रोलचा कॉक बंद करा, चारही प्लग काढून त्यांच्या वायरींसकट हेडवर ठेवा. प्लग काढायचा आळस करू नका. कंप्रेशनमध्ये थांबलेलं इंजिन नुसत्या एका ठिणगीने सुरू होऊ शकतं आणि तुमचा हात हँडलवर असतो. स्टिअरिंगच्या डावीकडचा स्पार्कचा दांडा पूर्ण वर ठेवा. किल्ली बॅटरीवर करून हँडल अगदी हळू फिरवा. 1-2-4-3 या क्रमाने एकेक कॉइल गुणगुणली पाहिजे. एखादी फुरफुरते, एखादी पॉइंटवर निळी-पांढरी आग काढते, एखादी गप्प. पॉइंटवर मोठी आग दिसली की कंडेन्सर गेला समजा.

किल्ली बंद करून पेटीचं झाकण उघडा, कॉइली नुसत्या वर उचलल्या की निघतात, पाना लागत नाही. कुठली कुठे होती ते खडूने लिहून ठेवा. मल्टिमीटर लावा: बाजूच्या दोन पितळी संपर्कांमध्ये साधारण 3 ते साडेतीन हजार ओहम दाखवले तर सेकंडरी जिवंत आहे. आकडा पार अनंत आला तर तार आत तुटली आहे. ती कॉइल सुट्या भागांसाठी ठेवा. घरी बसून ती तार पुन्हा गुंडाळणं जमणारं काम नाही, केसासारखी बारीक असते. आण्णांच्या दुकानात वाढलेली मी हे सांगते आहे.

मूळ कंडेन्सर कागद आणि पत्र्याच्या पातळ वर्खाचा असतो. शंभर वर्षांत त्या कागदात ओल शिरते. मीटरवर तो बरोबर अर्धा मायक्रोफॅरॅड दाखवेल आणि तुम्ही फसाल, कारण मीटरचा दाब एखाद-दोन व्होल्टचा. पॉइंट उघडताना तिथे शेकड्यांनी व्होल्ट येतात आणि तेव्हा तो गळतो. म्हणून तपासत बसू नका, चारही बदला. 0.47 मायक्रोफॅरॅडचा, निदान 400 व्होल्टचा, पॉलिप्रॉपिलीन फिल्मचा घ्या. सिरॅमिक नको.

आणि आता डांबर. इथे मी एक कॉइल गमावली आहे. पहिल्याच कॉइलच्या वेळी डांबर मऊ करायला मी ती मंद ओव्हनमध्ये ठेवली. डांबर वितळलं, पण त्याच्याबरोबर सेकंडरीच्या थरांमधलं मेणही वाहून गेलं. वरून दिसायला छान होती. करंट दिला, दोन मिनिटं चालली आणि आतल्या आत ठिणगी फुटून कायमची गेली. शंभर वर्षं टिकलेली वस्तू माझ्या घाईने संपली. तेव्हापासून मी उष्णतेच्या वाटेला जात नाही. उलट करते. कॉइल प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायची. सकाळी खोक्याची एक बाजूची फळी खाचेतून वर सरकवायची. सुरीच्या पात्याने कडेकडेने डांबराची पकड सोडवत गेलं की ती हलते. आत थंड डांबर चिक्कीसारखं कडक झालेलं असतं. अर्ध्या इंची पटाशी लावून लाकडी हातोडीचे हलके ठोके द्या, चिक्कीसारखेच तुकडे पडतात. चष्मा घाला. पटाशीचं तोंड कायम बाहेरच्या बाजूला, वेटोळ्याकडे कधीच नाही. माझ्या कॉइलींत कंडेन्सर आणि वेटोळ्याच्या मध्ये काचेची पट्टी निघाली. तशी दिसली तर जपून काढा, पुसा आणि परत तिथेच बसवा. ती इन्सुलेशनसाठी आहे.

कंडेन्सरची दोन टोकं कुठे जोडली आहेत त्याचा फोटो काढा, मग कापा. त्याच दोन जागी नवा झाळा. जागेवर धरायला सिलिकॉनचे दोन ठिपके पुरतात, पण न्यूट्रल क्युअरचं सिलिकॉन घ्या. ज्याला व्हिनेगरचा वास येतो ते तांबं खातं. काढलेलं डांबर डब्यात, वाळूच्या तव्यावर, घराबाहेर वितळवा आणि जेमतेम वाहायला लागलं की ओता. उकळतं ओतू नका. खोक्याचे सांधे सुटले असतील तर फळी बसवण्याआधी लाकडाच्या गोंदाने धरा. बाहेरून लाखेच्या स्पिरिट पॉलिशचे दोन पातळ हात द्या. ते दिसण्यासाठी नाही, लाकडात ओल शिरू नये म्हणून. ओलं लाकूड हाय टेन्शनला, म्हणजे ठिणगीच्या जास्त व्होल्टच्या विजेला, वाट देतं. याच कारणाने कॉइलींची पेटीही बघा. आतल्या लाकडावर काळी, नखाच्या ओरखड्यासारखी रेघ दिसली तर तिथून ठिणगी पळते आहे. ती रेघ खरवडून, लाकूड उन्हात सुकवून पुन्हा पॉलिश करा. फार खोल गेली असेल तर ते लाकूडच बदला.

पॉइंट शक्यतो नवे घ्या. जुने ठेवायचे असतील तर हिऱ्याच्या बारीक कानसेने दोन्ही तोंडं सपाट करा, आणि एकावर एक नीट मध्यभागी येतात ना ते पाहा. वरच्या पट्टीला एक छोटी कुशन स्प्रिंग असते. तिची हालचाल 5 थाऊ असावी, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. कमी-जास्त असेल तर कॉइल कधी एक ठिणगी टाकते, कधी दोन, आणि तुम्ही डोकं धरून बसता. मग खालची पट्टी बोटाने गाभ्यावर दाबून पॉइंटमधलं अंतर 30 थाऊ ठेवा. वरचे नट या अंतरासाठीच आहेत. करंट जुळवायला नट फिरवू नका. करंट जुळतो खालच्या पट्टीच्या ताणाने, आणि तो ताण पट्टीच्या बुडाशी अगदी हलक्या ठोक्यांनी कमी-जास्त करायचा. पहिल्या कॉइलला मला अख्खा रविवार लागला. चौथीला वीस मिनिटं.

जुळवणी बॅटरीवर, अंदाजाने करू नका. बझर आणि अॅमीटर लावून मी तसं केलं होतं. बॅटरीवर गाडी गोड चालली आणि किल्ली मॅग्नेटोवर, म्हणजे इंजिनबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्रावर, टाकल्याबरोबर धडधडायला लागली. मॉडेल टीच्या फ्लायव्हीलवर 16 चुंबकं असतात आणि त्यांच्यासमोर 16 वेटोळी. त्यामुळे मॅग्नेटोचा करंट लाटांनी येतो, दर साडेबावीस अंशांवर एक लाट. कॉइल पहिल्या लाटेला पेटली नाही, तर तिला पुढच्या लाटेपर्यंत थांबावं लागतं. म्हणजे सरळ साडेबावीस अंश उशीर. म्हणून हँडलचा कॉइल टेस्टर हवा: तोच मॅग्नेटो, स्टँडवर बसवलेला, हाताने फिरवायचा. इथल्या जुन्या गाड्यावाल्यांपैकी कुणाकडे तरी असतोच, मला एका आजोबांनी त्यांच्या गॅरेजमध्ये बसवून शिकवलं. एका फेऱ्यात 16 ठिणग्या पडायला हव्यात, प्रत्येक एकेरी, आणि करंट 1.3 अँपिअर. ठिणगीशेजारी दुसरी बारीक ठिणगी दिसली तर ताण अजून बरोबर नाही. चारही कॉइली याच आकड्यावर आणा.

भारतात आलेल्या मॉडेल टी बहुतेक कॅनडाच्या फोर्डकडून आल्या, उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या. तुमच्या घरी तशी असेल तरी ही पद्धत तीच राहते. फक्त आपल्याकडच्या पावसाळ्यात पेटी जास्त जपावी लागेल. कोकणातल्या गॅरेजात तर चार महिने कॉइली काढून घरात, कोरड्या कपाटात ठेवलेल्या बऱ्या.

रस्त्यात गाडी मिस मारायला लागली तर झाकण उघडून, चालू इंजिनवर, कोरड्या लाकडी काडीने एकेका कॉइलची पट्टी दाबा. जी दाबल्यावर इंजिनचा आवाज बदलत नाही, तीच कॉइल किंवा तिचाच प्लग. मी मागच्या सीटखाली पाचवी कॉइल ठेवते, टेस्टरवर जुळवलेली, सुती कापडात गुंडाळून. तिच्या तळाला पेन्सिलीने तारीख आणि 1.3 लिहिलेलं आहे. किल्ली बंद करायची, जुनी वर उचलायची, ती बसवायची, आणि संध्याकाळी घरी येऊन निवांतपणे काढलेलीचं दुखणं शोधायचं.