परिमिती 206 येत होती, ती 10 मीटर कशी झाली

गोव्यातल्या चौथीच्या मुलांना हमखास अडवणारं गणित: अंगणात एल आकाराचा वाफा, काठाला चिरे लावायचेत. तळाची बाजू 3 मी, डावी 2 मी, वरची 180 सेंमी, उजवी 1 मी 20 सेंमी. परिमिती किती?

उत्तर यायचं 206, म्हणजे 3+2+180+1+20. एककांचा तक्ता पाठ करून घेतला, सूत्र घोकून घेतलं, फरक शून्य. फार जीव मेटाकुटीला आला.

लागू पडलं ते असं. बेरजेआधी आकृतीवरच सगळी मापं सेंटीमीटरमध्ये लिहायची: 300, 200, 180, 120. मग कोपरे मोजायचे. कोपरे सहा, तर बाजूही सहाच. मापं चार, म्हणजे दोन लपल्यात. आडवी 300−180=120, उभी 200−120=80. एका कोपऱ्यावर टिंब देऊन तिथूनच फिरायचं, बेरीज झालेल्या बाजूवर रेघ मारायची: 300+120+120+80+180+200=1000 सेंमी, म्हणजे 10 मी.

मीटरमध्ये रूपांतर अगदी शेवटी. आधी केलं तर 1 मी 5 सेंमीचं 1.5 होतं, खरं ते 1.05.