स्वतः बुकिंग करून फिरायला निघताय? मग इन्शुरन्स घेताना एवढं बघून घ्या

टूर कंपनीबरोबर गेलं की फ्लाईट चुकली, बॅग हरवली, कोणी आजारी पडलं तर त्यांचा माणूस धावपळ करतोय, पण हल्ली आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडची बरीच मंडळी मोबाईलवर स्वतःच तिकीट, हॉटेल, व्हिसा सगळं करून व्हिएतनाम, थायलंड, दुबई, अगदी युरोपसुद्धा फिरून येतायत. चांगलंच आहे, पैसे वाचतात आणि मनासारखं फिरता येतंय. फक्त मधला माणूस काढला तर त्याचं काम पॉलिसीने करायला पाहिजे, म्हणून तिकिटाच्या शेवटच्या पेजवर टिक मारून मिळेल तो इन्शुरन्स घेऊ नका. आणि प्रीमियम किती ते सगळ्यात शेवटी बघा.

आधी कागद-पेन घ्या आणि घरातून निघाल्यापासून घरात परत येईपर्यंतचा प्रवास लिहून काढा. सांबऱ्यावरून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, बेंगळूर किंवा मुंबई, तिथून पुढची इंटरनॅशनल फ्लाईट, किंवा टॅक्सीने चोर्ला घाट उतरून गोव्याचं मोपा विमानतळ, जे काय असेल ते. प्रत्येक तिकिटापुढे लिहा पैसे परत मिळतात की नाही, आणि पीएनआर, म्हणजे बुकिंग नंबर, एकच आहे की वेगवेगळा. हे पीएनआरचं फार महत्त्वाचं. एकाच पीएनआरवर दोन्ही फ्लाईट असतील तर पहिली लेट झाल्यावर पुढे पोचवायची जबाबदारी एअरलाईनची, पण स्वस्तात मिळाली म्हणून सांबरा-मुंबई एका कंपनीची आणि मुंबईपासून पुढची दुसऱ्या कंपनीची अशी तिकिटं काढली तर पुढची एअरलाईन म्हणणार तुम्ही वेळेवर आला नाही, विषय संपला. मग पॉलिसीत 'मिस्ड कनेक्शन' शोधा, आणि ते वेगळ्या पीएनआरला चालतंय काय, मधे किती तासांचं अंतर ठेवायला पाहिजे, पहिली फ्लाईट किती लेट झाली तर धरतात, देशातली फ्लाईट त्यात मोजतात काय, हे चारही ईमेलवर विचारून लेखी उत्तर घ्या. फोनवरच्या 'हो सर, कव्हर आहे' याला काही अर्थ नाही.

आणि पावसाळ्यात जाणार असाल तर घाटाचा विचार वेगळा करा. चोर्ल्यात दरड आली, ट्रक आडवा झाला, टॅक्सी अडकली आणि मोप्याची फ्लाईट गेली, तर सहसा पॉलिसी ते धरत नाही, कारण त्यात विमान लेट झालेलं नसतंय, तुम्ही लेट झालेले असता. त्याच्यावर उपाय इन्शुरन्सचा नाहीच, आदल्या दिवशी गोव्यात जाऊन मुक्काम करणे एवढाच आहे, आणि हॉटेलचे ते पैसे वाया गेले असं अजिबात धरू नका.

आता मेडिकल, मुख्य भाग हाच. इथला आपला हेल्थ इन्शुरन्स बहुतेक वेळा देशाबाहेर चालत नाही, त्यामुळे बाहेरच्या हॉस्पिटलचं बिल ट्रॅव्हल पॉलिसीवरच. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे ज्या एकाच व्हिसावर युरोपचे बरेच देश फिरता येतात त्यासाठी, कमीत कमी 30,000 युरोचं कव्हर लागतंय, ते सगळ्या शेंगेन देशांत आणि राहायचे सगळे दिवस चालणारं पाहिजे, आणि आजारी माणसाला किंवा वाईट वेळ आली तर मृतदेह परत आणायचा खर्चसुद्धा त्यात पाहिजे. पण ही व्हिसापुरती अट आहे, तेवढंच घ्यायचं असं कुठं लिहिलेलं नाही. अमेरिकेला मुलाकडे जाणाऱ्या आई-वडिलांसाठी तर मी कव्हर मोठंच घ्या म्हणेन, तिथली हॉस्पिटलची बिलं आपल्या अंदाजात बसणारी नसतात. साठीच्या पुढच्या लोकांसाठी काही पॉलिसींत वरती आकडा मोठा असतोय आणि आत सबलिमिट लावलेलं असतंय, म्हणजे खोलीचं भाडं दिवसाला एवढंच, सर्जनची फी एवढीच, आयसीयू एवढंच. त्यामुळे जाहिरातीतला आकडा सोडा, बेनिफिट टेबल उघडा आणि प्रत्येक ओळ वाचा, बऱ्याच ओळींपुढे 'डिडक्टिबल' लिहिलेलं असतंय, म्हणजे 100 डॉलर लिहिले असतील तर पहिले 100 डॉलर तुमच्या खिशातून.

फॉर्म भरताना बीपी, शुगर, थायरॉईड, स्टेंट, जुनं ऑपरेशन जे असेल ते सगळं लिहा. 'काकूची एक गोळी चालू आहे, त्यात काय लिहायचं' असं आपल्याकडे फार होतंय आणि क्लेमच्या वेळी डॉक्टरच्या कागदावर 'बीपीचा पेशंट' असं आलं की सगळं अडतंय. प्रीमियम थोडा वाढला तरी चालेल. जुन्या आजारावर बऱ्याच पॉलिसी जिवावर बेतलं तरच आणि ठराविक रकमेपर्यंतच देतात, तो आकडा बघून मगच ठरवा. गोळ्या प्रवासाच्या दिवसांपेक्षा थोड्या जास्त घ्या, मूळ पाकिटातच ठेवा, आणि इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी बरोबर पाहिजे, फाईलमधले कन्नड रिपोर्ट बाहेर कोणाला वाचता येणार नाहीत.

तरुण पोरांसाठी एक सांगतो, थायलंडला गेलं की पहिली स्कूटर भाड्याने घेतात. आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढा, एक वर्ष चालतंय, आणि तुमच्या लायसन्सवर दुचाकी आहे काय ते बघा. लायसन्स नसताना किंवा दारू पिऊन पडलं तर क्लेम गेलाच समजा, हेल्मेट तर पाहिजेच. स्कूबा, पॅराग्लायडिंग, नेपाळचा ट्रेक हे साध्या पॉलिसीत बहुतेक नसतंय, अॅडव्हेंचर अॅड-ऑन वेगळा घ्यावा लागतोय आणि ट्रेकसाठी किती उंचीपर्यंत चालतंय हे वाचायचं.

कॅन्सलेशन कव्हर पाहिजे असेल तर पॉलिसी बुकिंग केल्या केल्या घ्या, व्हिसाची फाईल लावताना नको, कारण घरात कोणी ॲडमिट झालं आणि मग पॉलिसी घेतली तर काही उपयोग नाही. कुठल्या कारणाला पैसे मिळतात ती यादी ठरलेली असते, 'मन बदललं' किंवा 'ऑफिसने सुट्टी दिली नाही' सहसा त्यात नसतंय, व्हिसा नाकारला तर काय तेही वेगळं बघा. क्रेडिट कार्डवर फुकट इन्शुरन्स आहे म्हणून खुश होऊ नका, बऱ्याचदा तिकीट त्याच कार्डाने काढलेलं पाहिजे अशी अट असते.

तारखा घालताना परत येण्याच्या दिवसानंतर एक-दोन दिवस जास्त धरा. नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर कन्नडमधून इंग्रजीत आलेलं दुसरंच, असा घोळ घरोघरी आहे, पॉलिसीला पासपोर्टचं तेवढं धरा. नॉमिनी भराच.

रेल्वेने फिरणाऱ्यांसाठी, आयआरसीटीसीवर ई-तिकीट काढताना 45 पैशांचा इन्शुरन्स असतोय, अपघाती मृत्यूला 10 लाख. तो घ्या, आणि नंतर येणाऱ्या मेसेजमधल्या लिंकवर जाऊन नॉमिनीचं नाव टाका, ते बहुतेक जण टाकतच नाहीत.

निघताना पॉलिसीची प्रिंट एक आपल्याजवळ, एक घरी, आणि इन्शुरन्स कंपनीचा 24 तासांचा असिस्टन्स नंबर घरच्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये. ॲडमिट व्हायची वेळ आली तर पहिला फोन तिथे, कारण कॅशलेस तिथूनच होतंय. बॅग आली नाही तर एअरपोर्टमधून बाहेर पडायच्या आधी एअरलाईनच्या काउंटरवरून पीआयआर नावाचा रिपोर्ट घ्या, एकदा बाहेर पडला की मिळवायला फार त्रास. पासपोर्ट किंवा पैसे चोरीला गेले तर तिथल्या पोलिसांचा रिपोर्ट. टॅग, बोर्डिंग पास, बिलं, काहीही टाकू नका, रोज रात्री फोटो काढून घरच्या ग्रुपवर पाठवा.

क्लेम नाकारला तर गप्प बसू नका. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या, त्याच वेळी आयआरडीएआयच्या, म्हणजे विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, बिमा भरोसा पोर्टलवर नोंद करा किंवा 155255 ला फोन करा. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. आपल्याला पुणं जवळचं वाटतंय पण कर्नाटकात राहणाऱ्यांसाठी ऑफिस बेंगळूरला आहे, फी नाही, वकील लागत नाही, फक्त कंपनीने नाकारल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज गेला पाहिजे.