इंग्रजीच्या नियमांवर वाद घालताना या चुका टाळा

ऑफिसच्या ग्रुपवर इंग्रजी सर्क्युलर आलं की मजकुराआधी त्यातल्या भाषेवर चर्चा रंगते. ‘बट’ने वाक्य सुरू करायचं नसतं, असं कुणी सांगतं. ‘अँड’च्या आधी कॉमा कशाला, असं दुसरा विचारतो. भाषेबद्दल माणसं आग्रही असतात, ही मला चांगलीच गोष्ट वाटते. अडचण एवढीच, की हा आग्रह बहुतेक वेळा चुकीच्या जागी खर्च होतो. ज्याने काही बिघडत नाही त्यावर पन्नास मेसेज पडतात आणि ज्याने अर्थच बदलतो ते तसंच छापून जातं.

शाळेत ऐकलं म्हणून तो नियम झाला, असं धरू नका

वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन नको, हे आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलंय. 1672 मध्ये इंग्रज कवी जॉन ड्रायडनने नाटककार बेन जॉन्सनच्या लेखनातल्या अशा रचनेला नावं ठेवली, तेव्हापासून ही तक्रार चालत आलीय. 1762 मध्ये रॉबर्ट लाउथने आपल्या इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकात तिची दखल घेतली, पण ती मनाई म्हणून नव्हे. गंभीर लेखनात ही रचना टाळलेली बरी, एरवी इंग्रजीची ती स्वाभाविक सवयच आहे, असं त्याचं म्हणणं होतं. पुढच्या मास्तरांनी त्यातला पहिला भाग तेवढा उचलला. ‘व्हॉट आर यू लुकिंग फॉर?’ हे सरळ इंग्रजी आहे. ते दुरुस्त करून ‘फॉर व्हॉट आर यू लुकिंग?’ केलं तर वाक्य अवघडून बसतं, दुसरं काही होत नाही.

‘टू’ आणि क्रियापद यांच्यामध्ये शब्द घालू नये, या नियमाचंही तसंच. 1864 मध्ये हेन्री अल्फर्डने त्याविरुद्ध लिहिलं, तरी चांगले लेखक तसं लिहीत राहिले. 1926 मध्ये इंग्रज कोशकार फाउलरने आपल्या शब्दप्रयोग कोशात हा बाऊ करणाऱ्यांची चांगली झाडाझडती घेतली. आणि ‘अँड’ने वाक्य सुरू करू नये म्हणणाऱ्याने किंग जेम्स बायबल या जुन्या इंग्रजी भाषांतराचं पहिलं पान उघडावं. तिथे जवळजवळ प्रत्येक ओवी ‘अँड’नेच सुरू होते.

‘एव्हरीवन शुड ब्रिंग देअर आयडी’ यावरही हटकून वाद होतो: ‘एव्हरीवन’ एकवचनी, मग ‘देअर’ कसं? इंग्रजीत ही रचना चौदाव्या शतकापासून सापडते. शेक्सपिअर आणि जेन ऑस्टिन या दोघांनीही ती वापरलीय. 2019 मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या लेखनपुस्तिकेने ती अधिकृतपणे मान्य केली. तेव्हा सर्क्युलरमध्ये ‘हिज ऑर हर’ची माळ लावायची गरज नाही.

संस्थेची शैली म्हणजे व्याकरण नव्हे

तीन-चार वस्तूंच्या यादीत शेवटच्या ‘अँड’च्या आधी येणारा तो ऑक्सफर्ड कॉमा. शिकागो मॅन्युअल ही पुस्तकांसाठीची शैलीपुस्तिका तो घालायला सांगते, तर एपी या अमेरिकन वृत्तसंस्थेच्या पुस्तिकेनुसार साध्या यादीत त्याची गरज नसते. दोघंही बरोबर आहेत. ‘ऑर्गनाइझ’मध्ये झेड आला की तो अमेरिकन, ही समजूतही तशीच कच्ची. ऑक्सफर्डचा शब्दकोश झेडच वापरतो आणि तो काही अमेरिकन नाही. ‘मिस्टर’च्या संक्षेपापुढे अमेरिकेत टिंब असतं, ब्रिटनमध्ये सहसा नसतं. अवतरणाच्या शेवटी अमेरिकन लोक कॉमा खुणेच्या आत घेतात, ब्रिटिश अर्थ बघून आत किंवा बाहेर ठेवतात. यातलं एक निवडा आणि कागदाच्या शेवटपर्यंत तेच ठेवा. गल्लत होते ती दोन्ही मिसळल्याने.

मात्र ‘शैलीचाच तर प्रश्न आहे’ म्हणून डोळे मिटून पुढे जाऊही नका. अमेरिकेतल्या मेन राज्यात ओकहर्स्ट डेअरीच्या ड्रायव्हरांनी ओव्हरटाइमसाठी दावा लावला होता. कोणत्या कामांना ओव्हरटाइम लागू नाही याची यादी कायद्यात होती आणि तिचा शेवट असा होता: ‘स्टोअरिंग, पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’. ‘शिपमेंट’नंतर कॉमा नव्हता. त्यामुळे ‘डिस्ट्रिब्यूशन’ हे यादीतलं वेगळं काम, की ‘पाठवण्यासाठी किंवा वितरणासाठी पॅकिंग’ हे सगळं मिळून एकच काम, असा प्रश्न उभा राहिला. ड्रायव्हर माल पोहोचवत होते, पॅकिंग करत नव्हते. ओळीचा अर्थ संदिग्ध आहे, असं 2017 मध्ये अपील कोर्टाने म्हटलं आणि निकाल ड्रायव्हरांच्या बाजूने दिला. 2018 मध्ये हे प्रकरण 50 लाख डॉलरना मिटलं. विशेष म्हणजे मेनच्या कायदे-लेखन पुस्तिकेत हा कॉमा घालू नका, असंच लिहिलेलं होतं. पुढे विधिमंडळाने ती यादी बदलली आणि कामांच्या मध्ये सेमीकोलन टाकले. यादीचे तुकडे लांबलचक असतील तर तोच उपाय आपणही करावा.

अर्थ बदलणारा कॉमा नजरेतून सुटतो

हे वाक्य बघा: ‘एम्प्लॉईज हू वर्क्ड ऑन सॅटर्डे विल गेट अ डे ऑफ.’ म्हणजे शनिवारी जे कामावर आले त्यांनाच सुट्टी. आता ‘एम्प्लॉईज’च्या पुढे एक आणि ‘सॅटर्डे’च्या पुढे एक असे दोन कॉमा घाला. लगेच अर्थ होतो, की सगळेच कर्मचारी शनिवारी आले होते आणि सगळ्यांनाच सुट्टी मिळणार. एचआरच्या नोटिशीत हा फरक पगाराइतकाच महत्त्वाचा आहे, तरी त्यावर कुणी बोलत नाही. ‘हू’पासून ‘सॅटर्डे’पर्यंतचा मधला भाग काढून वाचा. उरलेलं वाक्य तुम्हाला म्हणायचंय तेच सांगत असेल तर दोन्ही कॉमा घाला. अर्थ फिरत असेल तर एकही घालू नका. एकच कॉमा घालून दुसरा विसरणं, हे कुठल्याच शैलीत बसत नाही.

मराठीची सवय इंग्रजीत उतरते

‘पाऊस आला, मी घरीच थांबलो’ हे मराठीत अगदी बिनचूक आहे. मराठीत विरामचिन्हं रुजवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. म्हणजे खुणा इंग्रजीवरून आल्या, पण आपण त्या आपल्या लयीने वापरतो. तीच लय ‘द सर्व्हर इज डाउन, वी आर वर्किंग ऑन इट’ या वाक्यात येते आणि औपचारिक इंग्रजीत ती चूक ठरते. दोन पुरी वाक्यं नुसत्या कॉमाने जोडता येत नाहीत. मध्ये पूर्णविराम द्या, सेमीकोलन द्या, नाहीतर कॉमापुढे ‘अँड’ किंवा ‘सो’ लिहा. मित्राला मेसेज करताना हे सोडून द्यायला हरकत नाही. क्लायंटच्या मेलमध्ये मात्र जरूर बघा.

‘डिस्कस अबाउट’ नको, नुसतं ‘डिस्कस’ पुरे. ‘बिटवीन’ आलं की पुढे ‘अँड’ येतं, ‘टू’ नाही.

अपॉस्ट्रॉफीवर अंदाजाने हात टाकू नका

5 सप्टेंबरचे फलक बघा. ‘टीचर्स डे’मध्ये अपॉस्ट्रॉफी कधी एसच्या आधी, कधी एसनंतर दिसते. दिवस सगळ्या शिक्षकांचा, म्हणून ती एसनंतर येते. मग 14 नोव्हेंबरला तोच हिशोब लावून ‘चिल्ड्रन्स डे’लाही ती एसनंतर दिली जाते आणि तिथे चूक होते. ‘चिल्ड्रन’ मुळातच अनेकवचन आहे, म्हणून तिथे ती एसच्या आधीच हवी. आधी मालक एक की अनेक ते ठरवा, तो शब्द पूर्ण लिहा आणि मग खूण द्या.

‘इट्स’चं कोडं त्याहून सोपं आहे. तिथे ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ म्हणून बघा. वाक्य जमलं तर अपॉस्ट्रॉफी द्या, नाहीतर नको. नुसत्या अनेकवचनासाठी ती लागत नाही. मेनूवर किंवा फोटो स्टुडिओच्या पाटीवर दिसते ती चूकच. अपवाद म्हणजे सुटी छोटी अक्षरं, कारण तिथे खुणेशिवाय वाचणारा गोंधळतो.

भारतीय इंग्रजीला सरसकट चूक म्हणू नका

‘प्रीपोन’ आपल्याकडे सर्रास चालतो आणि ऑक्सफर्डच्या कोशातही आहे. त्यावर हसणाऱ्यांनी आधी कोश उघडावा. ‘रिव्हर्ट’चं प्रकरण मात्र जपून हाताळा. आपल्याकडे त्याचा अर्थ उत्तर द्या, तर सॉफ्टवेअरच्या टीममध्ये त्याचा अर्थ केलेला बदल मागे घ्या. परदेशातल्या इंजिनिअरला ‘प्लीज रिव्हर्ट’ असं पाठवण्याऐवजी ‘प्लीज रिप्लाय’ लिहा. तारखेचंही तेच: 4/5 लिहिलं की आपल्यासाठी 4 मे आणि अमेरिकनासाठी 5 एप्रिल. महिना अक्षरात लिहा.

वर्डची लाल रेघ म्हणजे निकाल नव्हे

एकाच फाईलमध्ये ‘यू’ घालून लिहिलेला ‘कलर’ एका परिच्छेदात चुकीचा दिसतो, दुसऱ्यात बरोबर, आणि लिहिणारे दोघं भांडत बसतात. बऱ्याचदा एकाच्या मजकुराला भाषा अमेरिकन इंग्रजी लावलेली असते, दुसऱ्याच्या मजकुराला भारतीय किंवा ब्रिटिश. पूर्ण मजकूर सिलेक्ट करा, रिव्ह्यू टॅबमध्ये लँग्वेजखाली ‘सेट प्रूफिंग लँग्वेज’ घ्या आणि सगळ्यांनी एकच भाषा निवडा. मग कॉमा, झेड, तारीख आणि अवतरणचिन्हं यांचे निर्णय एका पानावर लिहून ते टीमच्या फोल्डरमध्ये ठेवा. नव्या माणसाने ‘अँड’च्या आधीच्या कॉमावरून वाद काढला की त्याला त्या पानाची लिंक द्या. आणि त्याने शनिवारच्या सुट्टीसारख्या वाक्यातला कॉमा दाखवून दिला, तर नोटीस थांबवा.