आधी पाकीट, मग कार्ड

बाबांच्या साठीला मी साठ आमंत्रणं हातानं केली होती. राखाडी कार्डशीट, मधोमध पिवळ्या कागदाची पट्टी, आत मजकूर. आदल्या रात्री पाकिटांचा गठ्ठा उघडला आणि पहिलंच कार्ड आत जाईना. पाकीट सी-सिक्स मापाचं, म्हणजे 114 बाय 162 मिलिमीटर, आणि माझं कार्ड 115 मिलिमीटर उंच. ताई आणि मी रात्री दोन वाजेपर्यंत एकेका कार्डाची खालची कड पाच मिलिमीटर छाटत बसलो. मधोमध असलेली पट्टी त्यामुळे खाली घसरल्यासारखी दिसायला लागली. पाहुण्यांपैकी कुणाच्या ते लक्षात आलं नाही. मला मात्र अजूनही त्यातलं एखादं कार्ड हाती लागलं की आधी ती पट्टीच दिसते.

तेव्हापासून पाकीट हातात आल्याशिवाय मी कार्डाचा कागद कापत नाही. साधं कार्ड पाकिटापेक्षा लांबी-रुंदीत पाच-सहा मिलिमीटर लहान हवं. वर फुलं, फीत, फोम टेप असलं काही चिकटवणार असाल तर आणखी थोडं. सगळ्यात सोपी जोडी ए-सिक्स कार्ड आणि सी-सिक्स पाकीट. ए-फोर कागद मधोमध कापला की दोन ए-फाइव्ह मिळतात आणि एक ए-फाइव्ह घडी घातला की 105 बाय 148 मिलिमीटरचं कार्ड तयार. एका कागदात दोन कार्डं, कात्रण शून्य. पाकीट विकत घ्यायचं नसेल तर 20 सेंटीमीटरचा चौरस कापा, तोही ए-फोरमधून निघतो. कार्ड त्यावर तिरकं, कोपऱ्यांच्या मधे ठेवा आणि चारही कोपरे त्यावर दुमडा. दोन्ही बाजूचे आधी, मग खालचा. खालचा बाजूंच्या दोघांना चिकटवा, वरचा मोकळा ठेवा. दुमडताना कार्डाला अगदी घट्ट आवळू नका, नाहीतर बाहेर काढताना पाकीट फाटेल.

आता कागद. घडीच्या कार्डाला 220 ते 250 जीएसएमचा (म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन तितके ग्रॅम) कार्डपेपर मला बरा वाटतो. 160च्या खालचा कागद टेबलावर उभा केला की मान टाकतो आणि 300चा घडीपाशी हट्ट करतो. नेहमीचा छपाईचा कागद 70-80 जीएसएमचा असतो, त्याचं कार्ड करायला जाऊ नका.

जीएसएमइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, महत्त्वाचा असतो कागदाचा ग्रेन, आणि नवशिके नेमका तोच विसरतात. कारखान्यात कागद बनताना त्यातले तंतू मशीन चालतं त्या दिशेला लोळतात, तीच ग्रेनची दिशा. त्या दिशेला समांतर घडी घातली तर ती सरळ आणि गुळगुळीत बसते. आडवी घातली तर घडीवर पांढऱ्या भेगा पडतात, गडद रंगाच्या कागदावर तर त्या फारच डोळ्यात भरतात. ओळखायचं कसं? कागद न दुमडता नुसता लांबीत वाकवून वरून तळव्यानं हलकं दाबा, मग रुंदीत तसंच करा. ज्या बाजूनं तो मुकाट वाकतो, तीच घडीची दिशा. ए-फोर कार्डपेपरचा ग्रेन बहुतेक वेळा लांब बाजूला असतो. म्हणून वर सांगितलेलं ए-सिक्स कार्ड छान दुमडतं आणि अख्ख्या ए-फोरचं मोठं कार्ड कुरकुर करतं. ‘बहुतेक वेळा’ म्हणाले मी, नेहमी नव्हे. वाकवून बघाच.

जाड कागदाला थेट घडी घालायची नाही. आधी क्रीज पाडायची. त्यासाठी खास हत्यार मिळतं, पण माझं काम शाई संपलेल्या बॉलपेनावर चालतं. घडीची जागा वर आणि खाली पेन्सिलीच्या बारीक टिंबानं खुणवा, दोन टिंबांना स्टीलची पट्टी लावा आणि रिकामं पेन तिच्या कडेनं दोनदा ओढा. एकदाच जोर लावून ओढलं तर कागद फाटतो, दोनदा हलकं ओढलं की खोबणी पडते. कागद उलटा केला की पाठीमागे बारीक उंचवटा दिसेल. घडी अशी घाला की तो उंचवटा कार्डाच्या आत राहील आणि खोबणी बाहेर. बहुतेकांना वाटतं खोबणी आत जावी. मीही वर्षभर तसंच करत होते आणि घडी तडकली की कागदाला बोल लावत होते. शेवटी चमच्याच्या पाठीनं घडी दाबा, पण मधे एक साधा कागद धरा, नाहीतर कार्डाला चकाकी येते.

मजकूर मी आधी वेगळ्या कागदावर लिहिते. आमंत्रणात कोण बोलावतंय, कशासाठी, वार, तारीख, वेळ, पत्ता, आणि येणार की नाही हे कुणाला कधीपर्यंत कळवायचं, एवढं असलं की झालं. वार आणि तारीख जुळतात का हे कॅलेंडर समोर ठेवून तपासा. ‘हार्दीक’ आणि ‘आशिर्वाद’ या दोन चुका तर जवळपास दर दुसऱ्या कार्डावर दिसतात. बरोबर शब्द ‘हार्दिक’ आणि ‘आशीर्वाद’. मजकूर दुसऱ्या कुणाला तरी मोठ्यानं वाचायला लावा, कारण आपण लिहिलेली चूक आपल्या डोळ्याला दिसत नाही.

हातानं अक्षरं काढणार असाल तर देवनागरीला दोन रेघा पुरत नाहीत. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार येतात, खाली उकार येतात. मी पेन्सिलीनं चार रेघा आखते: अक्षराची उंची 8 मिलिमीटर धरली तर वर 4 आणि खाली 4. अंतर पुरतं की नाही हे बघायला ‘वर्षपूर्ती’ हा शब्द लिहून पाहा. वर रफार-वेलांटी, खाली दीर्घ ऊकार, सगळी परीक्षा त्या एका शब्दात होते. आधी अक्षरं पेन्सिलीच्या रेघेला टांगून लिहा, शिरोरेषा शेवटी ओढा. ती ओढताना भ, ध, थ यांच्या डोक्यावर रेघ तोडायला विसरू नका, नाहीतर ‘शुभेच्छा’च्या ‘शुमेच्छा’ होतात. चपट्या टोकाचा कॅलिग्राफीचा पेन घेणार असाल तर देवनागरीसाठी कापलेलाच घ्या. रोमन लिपीच्या निबचा काप वेगळा असतो आणि त्यानं आपली अक्षरं अवघडल्यासारखी येतात.

संख्या मोठी असेल तर आतला मजकूर हातानं लिहायचा अट्टाहास करू नका. पातळ, 90-100 जीएसएमच्या कागदावर छापून घ्या, कार्डापेक्षा चारी बाजूंनी चारेक मिलिमीटर लहान कापा, दुमडा आणि घडीलगत एकाच बाजूला दुहेरी टेपची बारीक पट्टी लावून आत बसवा. सगळा कागद चिकटवला की कार्ड उघडता-मिटताना त्याला लाटा येतात. थेट कार्डावर दोन्ही बाजूंनी छापायचं असेल तर आधी साध्या कागदावर एक नमुना काढा. मुखपृष्ठ बाहेरच्या बाजूच्या उजव्या अर्ध्यात येतं, आणि आतली बाजू छापताना कागद चुकीच्या कडेवर उलटला तर सगळा मजकूर डोक्यावर उभा राहतो.

उघडल्यावर काहीतरी उठून उभं राहणारं कार्ड मुलांना फार आवडतं, आणि ते दिसतं तितकं अवघड नाही. दुमडलेल्या कार्डाच्या घडीवर, तीनेक सेंटीमीटर अंतर सोडून, घडीला काटकोनात दोन सारखे काप द्या. मधली पट्टी आतल्या बाजूला ढकलली की पायरी तयार होते, तिच्यावर केक, फुगा, आकडा, जे हवं ते चिकटवायचं. हिशोब एवढाच लक्षात ठेवा: पायरी मिटताना कापाच्या दुप्पट जागा घेते. म्हणून काप कार्डाच्या अर्ध्या रुंदीहून कमीच हवा. 105 मिलिमीटरच्या पानात मी 35चा काप देते, म्हणजे पायरी 70पर्यंत जाते आणि तिच्यावर लावलेलं चित्र थोडं पुढे आलं तरी कडेबाहेर डोकावत नाही. पायरीमागे भोक राहतं, ते झाकायला बाहेरून दुसरं कार्ड चिकटवा, फक्त पायरीला गोंद लागू देऊ नका.

गोंदाबद्दल माझं मत ठाम आहे: मोठ्या पृष्ठभागाला पाण्यातला पांढरा गोंद नको. पाणी प्यायलेला कागद फुगतो, वाळताना आखडतो आणि कार्डाची होडी होते. दुहेरी टेप किंवा ग्लू स्टिक वापरा, पांढरा गोंद टिकली-मण्यांपुरता, काडीच्या टोकानं.

एक पूर्ण कार्ड घड्याळ लावून करा. बारा मिनिटं लागली तर साठ कार्डांचे बारा तास होतात. तेवढी सवड आहे का ते आधीच ठरवा, नसेल तर एखादी पट्टी कमी करा. मग एकेक कार्ड पुरं करत बसू नका. सगळा कागद कापून घ्या, सगळ्या क्रीज पाडा, मग सगळ्या घड्या. ब्लेडचं टोक बोथट वाटलं की लगेच मोडून टाका, कागदाची कड केसाळ होते ती जुन्या ब्लेडमुळेच. साठ हवी असतील तर सहासष्ट कागद कापा. झालेली कार्डं रात्रभर जाड पुस्तकांखाली ठेवा, पण फोम टेपवाली नकोत, ती चेपतात.

आणि पाकिटावरचं नाव-पत्ता पाकीट रिकामं असतानाच लिहा. कार्ड आत असताना लिहिलं तर पेनाचा दाब आत उमटतो. मुखपृष्ठावर कुणाच्या तरी पत्त्याची अर्धी ओळ आरशातल्यासारखी उठलेली मी एकदा पाहिली आहे, आणि ते कार्ड मीच पाठवलेलं होतं.