औषध देताना या चुका टाळा, नर्सिंगच्या मुलामुलींनो

पुण्यातल्या वॉर्डात भोर, वेल्हे, जुन्नर कुठकुठून पेशंट येतात आणि एकाच वॉर्डात दोन शिंदे, तीन पवार असणं हे ठरलेलंच. सेकंड इयरला असताना मी गोळ्यांचा ट्रे घेऊन गेले आणि विचारलं, "शिंदे आजी ना?" आजींनी मान हलवली. वाटी हातात देणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "बाळा, मला साखरेची गोळी कधीपासनं?" माझे हातपाय गार पडले. दुसऱ्या शिंदे आजी खिडकीशेजारच्या बेडवर होत्या, आणि ह्या आजींना ऐकायला कमी येतं, सिस्टरने काही विचारलं की हो म्हणायचं एवढंच त्यांना माहीत.

म्हणून नाव आपण सांगायचंच नाही, पेशंटकडून वदवून घ्यायचं, "आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा बरं", मग हातातला बँड आणि केस पेपरवरचा नंबर जुळवायचा. बेड नंबरवर अजिबात जाऊ नका, राऊंड झाला की बेड बदलतात.

दुसरी जागा इन्सुलिनची, इथे मला खरंच काळजी वाटते. आपल्याकडे साध्या व्हायल, म्हणजे इन्सुलिनच्या छोट्या बाटल्या, बहुतेक ४० युनिट प्रति एमएलच्या, पण काही व्हायल आणि पेनची कार्ट्रिज १०० ची असतात. सिरिंजही वेगळी, ४० ला लाल टोपी, १०० ला केशरी. आता १०० चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलंत तर ते अर्धा एमएल झालं, म्हणजे पेशंटला २० नाही, ५० युनिट गेले! व्हायलवरचा आकडा आणि टोपीचा रंग शेजारी धरून बघा, भरल्यावर दुसऱ्या सिस्टरना दाखवा, त्या चिडल्या तरी चालेल.

पोटॅशियम क्लोराईडची अँप्युल, म्हणजे फोडायची छोटी काचेची बाटली, डिस्टिल्ड वॉटरसारखीच दिसते. ती थेट शिरेत ढकलली तर हृदय बंद पडू शकतं, ती कायम सलाईनमध्ये मिसळून, हळूहळूच जाते. लेबल तीनदा वाचायचं, काढताना, भरताना आणि रिकामी अँप्युल टाकायच्या आधी. घाईत तिसरं वाचन राहून जातं, ते चुकवू नका.

सलाईनच्या थेंबांचं गणित करताना आधी सेट, म्हणजे सलाईनची नळी, बघा. साध्या सेटचे २० थेंब म्हणजे १ एमएल, बारीक थेंबांच्या मायक्रो सेटचे ६०. ५०० एमएल ४ तासांत द्यायचं तर साध्या सेटने मिनिटाला साधारण ४२ थेंब, मायक्रोने १२५, सेट बदलला आणि गणित जुनंच ठेवलं तर सगळं फसतं.

एसआर लिहिलेली, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी, गोळी रायल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात जाणारी नळी) देण्यासाठी कुटू नका, दिवसभराचा डोस एकदम सुटतो, डॉक्टरांकडून दुसरं औषध लिहून घ्या. औषध दिल्याची सही ते दिल्यावरच करा, आधी नाही.

आणि चूक झालीच, किंवा होता होता राहिली, तरी लपवू नका. मी त्या दिवशी रडतच इनचार्ज सिस्टरांकडे गेले, वाटलं आता पोस्टिंग गेलं. त्यांनी आधी विचारलं, "आजींनी गोळी गिळली का?" नाही म्हटल्यावर दोन्ही केस पेपर मागवले आणि दोन्हींवर लाल पेनाने मोठ्या अक्षरात लिहिलं, 'नाव सारखं आहे'.