मस्टँग कोब्राचा मागचा डिफ बदलताना: क्राउन-पिनियनआधी स्प्लाइन आणि बुश बघा

फोर्डने १९९९ च्या एसव्हीटी कोब्राला (मस्टँगची कंपनीनेच काढलेली जास्त ताकदीची आवृत्ती) मागे स्वतंत्र सस्पेन्शन दिलं आणि २००४ पर्यंत ते ठेवलं. डिफ (डिफरन्शियल, म्हणजे इंजिनचा जोर मागच्या दोन्ही चाकांना वाटणारा गिअरचा डबा), आर्म, हब हे सगळं एका स्टीलच्या क्रेडलवर, म्हणजे चौकटीवर, बसतं आणि ते क्रेडल मस्टँगच्या सरळ ॲक्सलच्या जुन्याच जागांवर बोल्ट होतं. त्यामुळे फॉक्स बॉडीवाले (१९७९-९३ च्या मस्टँगचे) लोकही जंकयार्डातून अख्खं क्रेडल उचलतात. रुंदी वाढते, तेवढा रिमचा ऑफसेट त्यांना बघावा लागतो.

बहुतेक जण डिफ बदलायला घेतात ते रेशोसाठी (चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्ट किती फेरे घेतो ते प्रमाण) किंवा मजबुतीसाठी. रेशोचं काम सोपं. मजबुतीबद्दल मात्र एक गैरसमज आधी दूर करायला हवा. या गाडीत ८.८ इंची क्राउनचे (डिफमधलं मोठं गिअर; त्याला फिरवणारं छोटं ते पिनियन) दाते सहसा हार मानत नाहीत. आधी जातात हाफ शाफ्ट (डिफपासून चाकापर्यंतचे दांडे), नाहीतर मागच्या कव्हरचे कान, म्हणजे डिफ क्रेडलला बोल्ट होतो ते पुढे आलेले भाग. म्हणून पैसे खर्च करायचा क्रम शाफ्ट, बुश (डिफ ज्यांवर टांगतो त्या रबरी गाद्या), कव्हर आणि मग क्राउन-पिनियन असा ठेवा.

काय विकत घ्यायचं

१९९९ आणि २००१ च्या कोब्रात ३.२७ चा रेशो आणि डिफच्या बाजूला २८ स्प्लाइनचे (टोकावरच्या उभ्या खाचांचे) हाफ शाफ्ट आहेत. २००३-०४ मध्ये ३.५५ आणि ३१ स्प्लाइन. जुन्या गाडीसाठी सगळ्यात शहाणपणाचा सौदा म्हणजे २००३-०४ चा पूर्ण डिफ, त्याच्याच दोन्ही हाफ शाफ्टसकट. नुसता डिफ स्वस्तात मिळतो आणि तिथेच लोक फसतात: २८ चा शाफ्ट ३१ च्या साइड गिअरमध्ये पकड घेत नाही. शाफ्टचं बाहेरचं टोक हबमध्ये कसं बसतं, तेही गाडी जॅकवर चढवण्याआधी बाकावर घालून पाहा. शंका असेल तर हबही त्याच गाडीचे घ्या.

विकणाऱ्याच्या बोलण्यावर रेशो मानू नका. कव्हर उघडून दाते मोजा: ३६ ला ११ म्हणजे ३.२७, ३९ ला ११ म्हणजे ३.५५, ४१ ला ११ म्हणजे ३.७३ आणि ४१ ला १० म्हणजे ४.१०. मोजता मोजता कव्हरच्या कानांच्या मुळाशी केसासारखी चीर आहे का, हेही बॅटरी लावून बघा. चीर दिसली तर ते कव्हर भंगारात. वेल्डिंग करून वापरायचा मोह टाळा.

३.२७ वरून ३.७३ वर गेल्याने काय होतं, याचा अंदाज: २४५/४५-१७ टायरवर, चौथ्या गिअरमध्ये ताशी १०० किमीला इंजिन सुमारे २,६६० आरपीएमवर असतं, ते ३,०३० वर जातं. स्पीडोमीटर गिअरबॉक्सकडून वेग घेत असेल तर तो १४ टक्के जास्त दाखवेल. कॅलिब्रेशनचा खर्च आधीच हिशेबात धरा.

उतरवणं

क्रेडल जागेवर ठेवूनही डिफ काढता येतो. पण बुश बदलायचे असतील (आणि ते बदलायलाच हवेत) तर अख्खं क्रेडल खाली घेणं परवडतं. झोपून, हात वर करून, गंजलेले बुश दाबून काढण्यात अख्खा शनिवार जातो.

गाडी चार मजबूत स्टँडवर. मागचा एक्झॉस्ट काढा. प्रोपेलर शाफ्ट आणि पिनियन फ्लँजवर पंचने खूण करा, मग बारा कोनांचे १२ मिमीचे चार बोल्ट सोडवा. या बोल्टना बारा कोनांचंच सॉकेट लावा, नाहीतर डोकी गोल होतात. कॅलिपर तारेने टांगा, नळीवर लोंबकळत सोडू नका. एबीएसच्या वायरी आणि हँडब्रेकच्या केबल मोकळ्या करा.

हबचा मोठा नट न सोडवताही हाफ शाफ्ट डिफमधून निघतो. वरचा आर्म आणि टो लिंक नकलपासून (हब ज्यात बसतो तो भाग) सोडवा, नकल बाहेर झुकवा, म्हणजे शाफ्टला सरकायला जागा मिळते. आता आतलं टोक. ते स्प्लाइनवरच्या एका बारीक सर्क्लिपने अडकलेलं असतं. आतल्या सीव्ही जॉइंटची वाटी आणि हौसिंग यांच्या फटीत समोरासमोर दोन टॉम्या घाला, हौसिंगच्या बाजूला पितळी पट्टी किंवा लाकडाचा तुकडा ठेवा आणि दोन्ही एकाच वेळी झटक्याने दाबा. हळूहळू रेटल्याने क्लिप दबत नाही, झटका लागतो. हौसिंग ॲल्युमिनियमचं आहे. एकाच टॉमीने एका बाजूने जोर लावलात तर सीलच्या कडेला खड्डा पडतो आणि नवं सील लावूनही तेल झिरपत राहतं. शाफ्ट धरून ओढू नका. तसं केलं तर आतला जॉइंटच सुटतो आणि हातात ग्रीसने माखलेले सुटे भाग येतात.

डिफखाली ट्रान्समिशन जॅक लावून पट्ट्याने बांधा, मग नाकाजवळचे दोन आणि कव्हरच्या कानांतले दोन बोल्ट काढा. क्रम महत्त्वाचा आहे, कारण वजन नाकाकडे झुकतं.

बुश आणि कान

जोरात क्लच सोडला की पिनियन क्राउनवर चढू बघतो आणि डिफचं नाक वर उठतं. पुढचे रबरी बुश मऊ असतील तर नाक जास्त हलतं आणि मागचे कान पिळले जातात. त्यातच टायर पकडतो, सुटतो, पुन्हा पकडतो. यालाच व्हील हॉप म्हणतात आणि कोब्राची ही जुनी खोड आहे. प्रत्येक उडीला शाफ्टवर हातोड्यासारखा घाव बसतो. म्हणून नवा डिफ जुन्या बुशवर टांगणं म्हणजे पुढच्या मोडतोडीची तयारी.

ॲल्युमिनियमचे बुश सगळ्यात घट्ट, पण गिअरचा प्रत्येक सूर केबिनमध्ये येतो. रोज चालणाऱ्या गाडीत डेल्रिन (एक कडक प्लास्टिक) किंवा पॉलियुरेथेन बरं. पुढचे घट्ट आणि मागचे मऊ अशी सरमिसळ मात्र करू नका. सगळा भार दोनच बोल्टवर येतो. ड्रॅगला जाणारी गाडी असेल तर जाड कानांचं कव्हर किंवा ब्रेस आत्ताच लावा.

क्राउन-पिनियन आतच बदलायचं असेल तर

पूर्ण डिफ न घेता जुन्या हौसिंगमध्ये ३.७३ बसवायचं तर डायल गेज आणि इंच-पौंडाचा टॉर्क पाना नसताना सुरुवातच करू नका.

बेअरिंग कॅपवर डावी-उजवी खूण करा, त्या अदलाबदल होत नाहीत. दोन्हीकडचे शिम (अंतर जुळवायच्या पातळ चकत्या) वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. नव्या क्राउनचे बोल्ट थ्रेड लॉक लावून, आडवे-तिडवे, ९५ ते ११५ न्यूटन-मीटर. पिनियनखाली सुरुवातीला जुन्याच जाडीचा शिम घाला.

पिनियन नट आवळताना क्रश स्लीव्ह (पिनियनच्या दोन बेअरिंगमधली, दबण्यासाठीच केलेली नळी) दबायला सुरुवात होण्यासाठीच १९० न्यूटन-मीटरच्या वर जोर लागतो. त्यानंतर मात्र अगदी थोडं-थोडंच आवळा. पिनियन हाताने फिरवत दर वेळी प्रीलोड (बेअरिंगवरचा दाब, म्हणजे पिनियन फिरवायला लागणारा जोर) मोजा: नव्या बेअरिंगला १६ ते २९ इंच-पौंड, जुन्या बेअरिंगला ८ ते १४. मर्यादा ओलांडली तर नट सैल करून भागत नाही. स्लीव्ह एकदा दबली की संपली, नवी घाला. जास्तीच्या दोन स्लीव्ह आधीच आणून ठेवा.

क्राउन आणि पिनियनमधला खेळ ०.२० ते ०.३० मिमी. क्राउनवर चार ठिकाणी मोजा. चारांत ०.१० मिमीपेक्षा जास्त फरक पडला तर क्राउन वाकडा बसलाय, बहुधा फ्लँजवर कचरा राहिलाय. एका बाजूचा शिम जेवढा कमी कराल तेवढाच दुसऱ्या बाजूला वाढवा, म्हणजे साइड प्रीलोड तसाच राहतो. ०.२५ मिमी सरकवलं की खेळ साधारण ०.१८ मिमीने बदलतो.

मग पिवळी पेस्ट. चार-पाच दात्यांना लावा, कॅरिअरला थोडा अडथळा देत पिनियन फिरवा आणि ठसा पाहा. ठसा दात्याच्या मुळाकडे गेला तर पिनियन फार आत आहे, खालचा शिम पातळ करा. टोकाकडे गेला तर जाड करा. ०.०५ मिमीच्या फरकानेही ठसा सरकतो. ठसा मधोमध आल्याशिवाय कव्हर लावू नका. गाडी हायवेवर गेल्यावर जी रड ऐकू येते ती बहुतेक वेळा इथेच जन्मलेली असते. ॲक्सिलरेटर दाबल्यावर रडते की सोडल्यावर, हे लक्षात ठेवलं तर पुन्हा उघडताना दात्याची कुठली बाजू तपासायची ते कळतं.

परत बसवणं

दोन्ही साइड सील नवे. ओठाला तेल लावा. हाफ शाफ्टवर नवी सर्क्लिप, तिचं तोंड वर, ग्रीसने चिकटवलेली. शाफ्ट आडवा, सरळ रेषेत सरकवा. स्प्लाइनची धार सीलच्या ओठावरून घासली तर ते फाटतं. शेवटचा धक्का देताच ‘टक्’ असा आवाज यायला हवा. खात्री करायला जॉइंटच्या वाटीला बोटांनी बाहेर ओढून बघा. हलली तर क्लिप बसलेली नाही.

मूळ रबरी बुशचे आर्म असतील तर त्यांचे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यानंतरच पूर्ण आवळा. हवेत आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. बोल्टचे टॉर्क वर्षागणिक बदलतात, ते त्या-त्या वर्षाच्या वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्या. हबचा नट सोडवला असेल तर नवाच लावा.

तेल ७५डब्ल्यू-१४० सिंथेटिक. ट्रॅक्शन-लॉक (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारा फोर्डचा क्लचवाला डिफ) असेल तर आधी ४ औंस, म्हणजे सुमारे ११८ मिली फ्रिक्शन मॉडिफायर ओता, मग भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत तेल. मॉडिफायर विसरलात तर पार्किंगमध्ये वळताना मागून खडखड येईल आणि तुम्ही उगाच बेअरिंगला दोष द्याल.

नवं क्राउन-पिनियन असेल तर पहिल्यांदा १५-२० मिनिटं सौम्य चालवा आणि पूर्ण थंड होऊ द्या. असं दोन-तीनदा करा. ८०० किमीपर्यंत ड्रॅग नाही, ट्रेलर ओढणं नाही. मग तेल बदला. त्या तेलात करडी चांदीसारखी बारीक पूड दिसेल, ती चालते. नखाने उचलता येईल असा कण दिसला तर कव्हर पुन्हा उघडा.