ग्रेट सॉल्ट लेकसाठी अंगणातलं लॉन कमी करताना

युटातल्या ग्रेट सॉल्ट लेकमधून एकही नदी बाहेर पडत नाही. बेअर, वेबर आणि जॉर्डन या नद्या पाणी आणतात, ते वाफ होऊन उडतं आणि मीठ मागे राहतं. आवक घटली की सरोवर आक्रसतं आणि उरलेलं पाणी जास्त खारट होतं. 1980 च्या दशकात पातळी समुद्रसपाटीपासून 4211 फुटांवर पोहोचली होती. नोव्हेंबर 2022 मध्ये ती 4188.5 फुटांवर आली, आजवरच्या नोंदींतली सर्वांत खालची. सरोवर धडधाकट राहायला 4198 ते 4205 फूट पातळी हवी. त्या वर्षी दक्षिण भागातली क्षारता 19 टक्क्यांच्या आसपास गेली. सतराच्या वर गेली की ब्राइन श्रिंप (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव) आणि तिथल्या उडणाऱ्या माश्यांच्या अळ्या तग धरेनाशा होतात, आणि त्यांच्यावर पोट भरणाऱ्या स्थलांतरित पक्ष्यांचे हाल होतात. उघड्या पडलेल्या तळाच्या धुळीत आर्सेनिक आहे, आणि वारा ती वस्तीवर आणतो. 2023 मध्ये विक्रमी बर्फ पडलं, पातळी पाच फुटांहून जास्त चढली आणि बरेच जण निर्धास्त झाले. आवक-जावकीचा हिशेब मात्र तसाच तुटीचा आहे.

नदीतून उचललेल्या पाण्याचा सर्वांत मोठा वाटा शेतीचा, त्यातही लसूणघासाचा. सॉल्ट लेक खोऱ्यात राहणाऱ्या घरमालकाच्या हाती जे आहे, ते जवळजवळ सगळं अंगणात आहे.

आंघोळीची बादली इथे कामाची नाही

आपल्याकडच्या सवयीप्रमाणे बचत न्हाणीघरातून सुरू होते. सरोवराच्या दृष्टीनं तिचा उपयोग थोडाच. घरात वापरलेलं पाणी सांडपाणी केंद्रात शुद्ध होऊन बहुतांशी पुन्हा नदीत किंवा सरोवरात जातं. लॉनला दिलेलं पाणी मात्र गवत पितं आणि हवेत सोडतं, ते परत येत नाही. 2,000 चौरस फूट लॉनला अर्धा इंच पाणी म्हणजे सुमारे 623 गॅलन, साधारण 2,360 लिटर. वीस लिटरच्या जवळपास 120 बादल्या, तेही एका वेळेला. बादलीनं आंघोळ खुशाल करा, पण हिशेब लॉनचा धरा.

आधी मोजा

लॉनच्या एका झोनमध्ये, म्हणजे एका व्हॉल्व्हवर भिजणाऱ्या भागात, सपाट तळाचे, सारख्या मापाचे सहा-आठ डबे विखरून ठेवा. ट्यूनाचे रिकामे डबे चालतात. स्प्रिंकलर 15 मिनिटं चालवा आणि प्रत्येक डब्यातलं पाणी पट्टीनं मिलिमीटरमध्ये मोजा. सरासरी 9 मिमी आली तर अर्ध्या इंचाला, म्हणजे 13 मिमीला, साधारण 21 मिनिटं लागतात. एका डब्यात 4 आणि शेजारच्यात 14 असेल तर वेळ वाढवू नका. स्प्रिंकलरचं डोकं तिरकं झालंय, नोझल तुंबलंय किंवा दोन वेगळ्या जातीची डोकी एकाच झोनवर बसवली आहेत. ते आधी दुरुस्त करा, नाहीतर एका कोरड्या कोपऱ्यापायी सगळं लॉन भिजत राहतं.

राज्याचा जलसंपदा विभाग हंगामात दर आठवड्याला काउंटीनिहाय पाणी देण्याचं वेळापत्रक प्रसिद्ध करतो. दर खेपेला अर्धा इंच, म्हणजे फवारणाऱ्या पॉप-अपला सुमारे 20 मिनिटं आणि फिरत्या रोटरला 40, हे त्याचं गृहीतक. तुमचा आकडा डब्यांवरून आला असेल तर तोच वापरा. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा पाणी देऊ नका.

चिकणमाती किंवा उतार असेल तर सलग 20 मिनिटांत बरंच पाणी गटारात जातं. सात-सात-सहा मिनिटांचे तीन हप्ते करा, मध्ये अर्धा ते एक तास मुरू द्या. पाणी हवंय का याची खूण सोपी आहे: गवतावर पाऊल टाकल्यावर ते उठत नसेल, किंवा स्क्रू-ड्रायव्हर सहा इंच सहज जात नसेल, तर द्या. गवत तीन इंच उंच ठेवा. इथलं केंटकी ब्लूग्रास उन्हाळ्यात पिवळं पडून झोपतं आणि गारवा आला की परत हिरवं होतं. पिवळं दिसलं म्हणजे मेलं असं नाही.

लॉन काढायचं तर

अनुदान हवं असेल तर कुदळ उचलण्याआधी युटा वॉटर सेव्हर्स या अनुदानाच्या संकेतस्थळावर अर्ज करा. रक्कम आणि अटी शहरागणिक वेगळ्या आहेत, पण आधी लॉन उकरून मग अर्ज केला तर पैसे मिळत नाहीत. पाहणी होईपर्यंत गवत जिवंत असावं लागतं. नंतर रोपांचं ठरावीक आच्छादन आणि ठिबक दाखवावं लागतं, त्यामुळे नुसते दगड पसरून भागत नाही. सोसायटी अडवत असेल तर नियमावली नीट वाचा. 2022 च्या कायद्यानंतर पाणी वाचवणाऱ्या बागेला तिला सरसकट मनाई करता येत नाही.

खोदण्याआधी 811 वर कळवून जमिनीखालच्या गॅसच्या नळ्या आणि विजेच्या तारा आखून घ्या.

सुरुवात पदपथ आणि रस्ता यांच्यामधल्या पट्टीपासून करा. तिथं बरंच पाणी काँक्रीटवर पडतं आणि मुलं खेळत नाहीत. ब्लूग्रास मुळासकट जायला हवं. सॉड कटर (गवताचा थर मुळासकट कापणारं यंत्र) भाड्यानं आणून दोन इंच खोल काढा, किंवा उन्हाळ्यात पारदर्शक प्लास्टिकखाली सहा-आठ आठवडे भाजू द्या. जमिनीखालचे धावते कोंब राहिले की पुढच्या वसंतात गवत रोपांच्या मधून डोकं काढतं, आणि मग ते रोपासकटच उपटावं लागतं. माती पदपथापेक्षा तीन इंच खाली ठेवा, नाहीतर लाकडी चिप्स पावसाबरोबर रस्त्यावर येतात. चिप्सचा थर तीन-चार इंच. खाली तण रोखणारं कापड घालू नका: वर धूळ साचून त्यातच तण उगवतं आणि कापड निघता निघत नाही.

रोपांत कॅटमिंट, रशियन सेज, पेन्स्टेमन, रॅबिटब्रश, ब्लू ग्रामा गवत. लावणी वसंतात किंवा सप्टेंबरमध्ये. जुलैत लावलेलं रोप जगवायला लॉनइतकंच पाणी जातं. पहिली दोन वर्षं त्यांना नियमित पाणी हवं, दुष्काळी झाड म्हणून लगेच पाणी तोडलं तर मरतं.

ठिबक

जुन्या स्प्रिंकलरचा एक झोन ठिबकला देता येतो. एकच राइझर (स्प्रिंकलरचं डोकं बसतं ती उभी नळी) ठेवा, बाकीच्यांना टोपण लावा. राइझरनंतर क्रमानं 150 ते 200 मेशच्या बारीक जाळीचा फिल्टर, 25 ते 30 पीएसआयचा (पीएसआय हे दाबाचं माप) प्रेशर रेग्युलेटर, मग इनलाइन लॅटरल, म्हणजे आतच ड्रिपर बसवलेली नळी. रेग्युलेटर विसरलात तर जोड निसटतात आणि कळतं तेव्हा बिल आलेलं असतं. 12 इंचांवर ताशी 0.6 गॅलनचे ड्रिपर आणि ओळींत 18 इंच अंतर असेल तर ताशी 0.64 इंच पाणी पडतं, म्हणजे अर्ध्या इंचाला 47 मिनिटं. एकाच व्हॉल्व्हवर ठिबक आणि स्प्रिंकलर दोन्ही ठेवू नका, त्यांच्या वेळा जुळत नाहीत. शेवटच्या टोकाला उघडता येणारी एंड कॅप लावा आणि हंगामात दोन-तीनदा फ्लश करा.

कालव्याचं कच्चं पाणी, म्हणजे सेकंडरी, वापरत असाल तर शेवाळानं फिल्टर आठवड्यातच तुंबतो. बऱ्याच ठिकाणी हे पाणी, वापर कितीही असला तरी, एकाच ठरावीक दरानं मिळतं, त्यामुळे किती गेलं ते कुणालाच ठाऊक नसतं. 2030 पर्यंत त्याला मीटर बसवणं कायद्यानं बंधनकारक केलं आहे.

ऑक्टोबरमध्ये गोठण्याआधी लाइन फुंकून रिकामी करा. पॉली पाइपला 50 पीएसआयपेक्षा जास्त हवा नको, आणि ठिबकच्या झोनला तीसच्या आत.

मेथी, गवार, मिरचीचा वाफा ठेवायला हरकत नाही. तो लॉनच्या मानानं चिमूटभर पाणी पितो, फक्त त्याला वेगळा झोन द्या.

सर्वांत जास्त चुकतं ते झाडांचं

लॉनचं पाणी बंद केलं की वीस वर्षं त्यावर जगलेलं मेपल दुसऱ्या उन्हाळ्यात वाळतं. मोठ्या झाडाला खोडाजवळ पाणी नको. पानांचा पसारा जिथं संपतो तिथं गोल ठिबक टाका आणि दोन-तीन आठवड्यांनी एकदा 18 ते 24 इंच खोल जाईल इतकं सावकाश द्या. खोडाभोवती दगडांऐवजी चिप्स टाका, कारण दगड तापतात.

वाचलेलं पाणी जातं कुठं

हा प्रश्न टाळू नका. नळाच्या पाण्याचा हक्क शहराचा आहे. तुम्ही वाचवलेलं पाणी जलाशयात साठेल किंवा नव्या वस्तीला जाईल, सरोवरात जाईलच असं नाही. त्यासाठी शहराच्या आणि जल-जिल्ह्याच्या (पाणीपुरवठा पाहणारी सार्वजनिक संस्था) सार्वजनिक बैठकांत विचारावं लागतं. काही जुन्या घरांच्या मालकीबरोबर कालवा कंपनीचे शेअर, म्हणजे तिच्या पाण्यातला वाटा, येतात, खरेदीखताच्या कागदांत शोधा. 2022 मधल्या कायद्यानं पाण्याचे हक्क सरोवरात वाहू देण्यासाठी भाडेपट्ट्यानं देता येतात, आणि त्यासाठी राज्यानं 4 कोटी डॉलर देऊन ग्रेट सॉल्ट लेक वॉटरशेड एनहान्समेंट ट्रस्ट उभा केला आहे. लॅटर-डे सेंट्स चर्चनं 2023 मध्ये दरवर्षी सुमारे 20,000 एकर-फूट (एक एकर-फूट म्हणजे एक एकरावर एक फूट) पाण्याचे शेअर सरोवरासाठी दिले. तुमचा एकच शेअर असला तरी आधी कालवा कंपनीला विचारा, कारण वापर बदलण्याच्या अर्जाला तिची संमती लागते.